कोऱ्या जागेला दिलेली नावं

त्या हॉलमध्ये माझ्या वाट्याला जो माऊस आला तो चिकट होता. माझ्याआधी तिथे बसलेल्याने समोसा खाऊन हात कशाला पुसले असतील, हे मला हात लावताक्षणी कळलं. पर्समधला रुमाल ओला करून मी माऊस घासला, तर रुमालावर पिवळा डाग उमटला. तो रुमाल मी दोन बोटांत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकला. शेजारच्या खुर्चीवरचे सर हसायला लागले. "मॅडम, एवढी किळस काहून करून राहिल्या? दोन दिवसांत सवय पडते," ते म्हणाले. हे सर मूळचे वर्ध्याकडचे, इथल्याच दुसऱ्या एका कॉलेजात माझाच विषय शिकवणारे. त्यांच्या माऊसकडे मी पाहिलंच नाही.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. जन्म रायपुरातला, घर पुरानी बस्तीत. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. घरात मराठी बोलतो, कॉलेजात हिंदीतून शिकवतो आणि चिडल्यावर दोन्ही भाषा पुरत नाहीत. मला चीड लवकर येते, हे मी आधीच सांगून टाकते. माझा मुलगा म्हणतो, "मम्मी को गुस्सा नहीं आता, मम्मी गुस्से में रहती हैं." मराठी त्याला सगळी कळते, पण उत्तर हिंदीतच येतं.

पूर्वी उत्तरपत्रिका, म्हणजे आमच्याकडच्या कॉप्या, गठ्ठ्यांनी तपासायला यायच्या. हाताला शाई लागायची, धूळ लागायची, कधी कुण्या पोराने शेवटच्या पानावर चिकटवलेला देवाचा फोटोसुद्धा निघायचा. आता कॉप्या स्कॅन होतात आणि आपण कॉम्प्युटरवर पान बघून मार्क भरायचे. त्यासाठी तेलीबांध्याच्या तलावापलीकडे एका काचेच्या नव्या इमारतीत केंद्र उघडलं होतं. आमच्या विषयाच्या त्या पेपरच्या सगळ्या कॉप्या, कुठल्याही कॉलेजच्या असोत, त्याच हॉलमध्ये तपासल्या जात होत्या. मला व्हायरल ताप होता म्हणून मी दोन दिवस उशिरा पोचले. तोवर बाकीचे जाणते झाले होते आणि मी नवखी.

पडद्याची रचना साधी होती. डाव्या कडेला कॉपीच्या सगळ्या पानांची नखाएवढी चित्रं, मधे एक मोठं पान आणि उजवीकडे मार्कांचे चौकोन. वरच्या पट्टीत बटणं होती: पान मोठं करा, लहान करा, रुंदीला बसवा, अख्खं पान बसवा. सगळ्या हॉलमध्ये 'अख्खं पान' चालू होतं. रुंदीला बसवलं की अक्षर नीट वाचता येतं, पण मग पान खाली सरकवावं लागतं आणि त्यात वेळ जातो. अख्खं पान बसवलं की एका नजरेत पान होतं, फक्त त्यावर काय लिहिलंय ते वाचता येत नाही. मी सरांना विचारलं, एवढ्या बारीक अक्षरात तुम्ही वाचता कसं? ते म्हणाले, "वाचाचं काय त्यात? लिहिलं किती ते दिसून राहिलं ना." त्यांनी पापणी न लववता तीन टिचक्यांत एक प्रश्न संपवला आणि बशीतल्या आलूगुंड्याचा, म्हणजे इकडच्या बटाटेवड्याचा, तुकडा मोडून तोंडात टाकला. तेच बोट परत माऊसवर गेलं. मी माझी खुर्ची जरा लांब सरकवली.

पुढच्या भिंतीवर पांढरा बोर्ड होता. कोणाच्या किती कॉप्या झाल्या ते त्यावर लिहिलं जायचं आणि ज्याच्या जास्त त्याच्यासाठी जेवणाच्या सुटीत टाळ्या वाजायच्या. डॉक्टरेट मिळवलेली, पांढऱ्या केसांची माणसं त्या टाळ्यांसाठी पान उलटत होती. चौथीतल्या मुलांनी असं केलं तर मी त्यांना बाकावर उभं करेन.

मला या सगळ्याचा एवढा राग यायला एक कारण होतं, ते म्हणजे माझ्या वर्गातली एक मुलगी. ती रोज अभनपुरहून बसने येते. लिहिण्यात कच्ची आहे. दोन पानांचं उत्तर ती अर्ध्या पानात उरकते आणि तेही असं की उरलेलं वाचणाऱ्याने स्वतःच समजून घ्यावं. पण आकृत्या मात्र अशा काढते की मी तिची प्रॅक्टिकलची वही पुढच्या वर्गांना दाखवते. खोडाचा पातळ काप ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते, एक डोळा मिटून बराच वेळ बघते आणि मग जे दिसलं तेच कागदावर उतरवते. पुस्तकातलं चित्र ती काढत नाही. इतक्या वर्षांत असं बघणारं पोर माझ्या हाताखालून फार वेळा गेलेलं नाही. ती पास होते ती आकृत्यांवर. आदल्या वेळी ती याच पेपरात थोडक्यात नापास झाली होती आणि ही परीक्षा तिची शेवटची संधी होती. बी.एड.ची प्रवेशपरीक्षा तिने पार केली होती, जागाही मिळाली होती. हा एक पेपर सुटला की डिग्री हातात आणि ती जागा पक्की, नाहीतर दोन्ही गेलं. त्या हॉलमध्ये तिची कॉपी कुठेतरी होती. कोणाच्या पडद्यावर, ते कळायची सोय नव्हती, आणि ती नसते तेच बरोबर आहे.

मी पहिली कॉपी उघडली. खोडाच्या आडव्या छेदाची आकृती काढा, नावं द्या, असा प्रश्न होता. पानाच्या मधोमध भलीमोठी कोरी जागा होती आणि तिच्या भोवती नावं लिहिली होती. जाइलम, फ्लोएम, एधा, मज्जा. प्रत्येक नावापासून पट्टीने ओढलेली रेघ निघत होती आणि पांढऱ्यात जाऊन थांबत होती. मला हसू आलं. घाईत पोराने आधी नावं लिहिली असतील आणि चित्राला वेळ उरला नसेल.

दुसऱ्या कॉपीतही तसंच. नावं नीटनेटकी, रेघा सरळ आणि मधे काही नाही. तिसऱ्या कॉपीत आकृती होती. बॉलपेनने काढलेली, चेपलेल्या इडलीसारखी, नावं चुकीच्या जागी. चौथीत पुन्हा कोरी जागा.

मी सरांना म्हटलं, "सर, हे काय आहे? नावं आहेत अन् चित्रच नाही."

"अवं मॅडम, हे तर पहिल्या दिवसापासून चालू आहे," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "नावं रट्टा मारून पाठ करतात, चित्र कोणाले येते? मोबाइलवाले पोट्टे आहेत. तुम्ही झिरो द्या अन् ते बटण दाबा."

ते बटण म्हणजे तयार शेऱ्यांची यादी होती. त्यातला एक शेरा होता, 'आकृति नहीं बनाई'. बटण दाबलं की पानावर लाल अक्षरात उमटायचा. सरांच्या पलीकडच्या रांगेतून कुणीतरी हसत म्हणालं, "आज फिर एक हवा का चित्र मिला." दोन दिवसांत त्या कोऱ्या जागांवर त्यांचे विनोदही तयार झाले होते. 'हवा का चित्र', 'भूत का तना', म्हणजे भुताचं खोड. शिकली-सवरलेली माणसं दोन दिवस रेघांची टोकं रिकाम्या जागेत जाताना बघत होती आणि एकाच्याही मनात आलं नाही की इतक्या कॉलेजांतली इतकी पोरं एकदम एकच गोष्ट कशी विसरतील? पोरं मूर्ख आहेत हे त्यांना आधीपासून माहीतच होतं, आता पुरावा मिळाला होता. बघायचं काय त्यात!

मला तेव्हाही नेमकं काय ते सुचलं नव्हतं. माझं लक्ष गेलं ते माझ्या डोळ्यांमुळे. पडद्यावरचं पान इतकं पांढरंफटक होतं आणि अक्षर इतकं काळं, की तापातून उठलेल्या माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. घरी मी कॉम्प्युटरवर काही बघायचं तर उजेड कमी करून बघते, तसं इथे काही करता येतं का म्हणून वरच्या पट्टीत शोधायला लागले. शोधताना नजर डावीकडच्या नखाएवढ्या चित्रांवर गेली. जे पान मोठ्यात मधे कोरं होतं, त्याच पानाच्या छोट्या चित्रात मधे करडा, गोल डाग होता. पडद्यावर काही लागलंय असं वाटून मी बोटाने पुसून पाहिलं. डाग तिथेच राहिला.

मग मी पट्टीतलं दिसण्याचं बटण उघडलं. उजेड, गडदपणा आणि त्यांच्याखाली 'अक्षर ठळक' अशा अर्थाचा एक चौकोन होता, त्यात खूण केलेली होती. मी ती खूण काढली. पान जरा मळकट झालं, कागदासारखं दिसायला लागलं आणि मधल्या कोऱ्या जागेतून आकृती वर आली.

पूर्ण आकृती. बाहेरची त्वचा, तिच्या आत पेशींच्या ओळी, गोलात मांडलेले संवहनी पुंजके, मधे मज्जा. प्रत्येक रेघ जिथे पोचायला हवी तिथे पोचली होती. आकृती पेन्सिलने काढलेली होती. आकृती पेन्सिलने आणि नावं पेनाने, हा नियम आमचाच. आम्हीच ही पोरं घडवताना वर्षानुवर्षं बोंबलून सांगतो की पेनाने आकृती काढाल तर मार्क कापीन. ज्यांनी ऐकलं त्यांची आकृती गायब झाली आणि ज्याने नियम धाब्यावर बसवून चेपलेली इडली काढली त्याला थोडे तरी मार्क मिळणार होते. मागच्या तिन्ही कॉप्या मी अजून बंद केल्या नव्हत्या, त्या उघडून पाहिल्या. आकृत्या सगळ्यांत होत्या.

हे कसं झालं ते पुढच्या रांगेत विचारल्यावर लगेच कळलं. पहिल्या दिवशी 'अख्खं पान' लावून बसलेल्यांची तक्रार होती की अक्षर फिकं दिसतं. पान मोठं करायचं सोडून त्यांनी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं आणि त्याने सगळ्या मशिनींवर ती खूण करून दिली. जे गडद ते काळं कुळकुळीत, जे हलकं ते पांढरं. पेन्सिल हलकी असते. काम झालं म्हणून सगळ्यांनी त्याचे आभारही मानले होते.

मी सरांना हाताने ओढूनच माझ्या पडद्याकडे वळवलं. खूण लावून दाखवली, काढून दाखवली. आकृती जात होती, येत होती. त्यांच्या तोंडातला घास थांबला. "बाप रे," ते म्हणाले. क्षणभर मला तो माणूस आवडला. मग त्यांनी मागे-पुढे पाहिलं आणि आवाज उतरवला, "मॅडम, हे तुम्ही कोणाले सांगू नका. चुपचाप आपलं आपलं ठीक करून टाका."

मी उठले आणि मुख्य परीक्षकांकडे गेले. त्यांना सगळा हॉल बडी मॅडम म्हणायचा, मी ताई म्हणते. त्या मूळच्या अकोल्याकडच्या, यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले. माझ्या तापात त्यांनीच मुगाच्या खिचडीचा डबा पाठवला होता. वाईट बाई असती तर मला पुढचं सगळं सोपं गेलं असतं. त्यांनी चष्मा बदलून माझ्या पडद्याकडे पाहिलं.

"हव, आकृती आहे," त्या म्हणाल्या.

"ताई, आधी दिसत नव्हती. सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर हेच आहे. दोन दिवस सगळे झिरो देऊन राहिले."

"मग आता दिसून राहिली ना? सांगते मी सगळ्यांले."

"आणि झालेल्या कॉप्या?"

"हळू बोल." मघापर्यंत मी 'तुम्ही' होते, आता 'तू' झाले. "बंद झालेली कॉपी उघडाले वरून परवानगी लागते. परवानगी मागितली की काहून म्हणून विचारतील. काहून विचारलं की सगळ्या परीक्षकांची नावं जातील, अन् सगळ्यात वर माझं. मी आता निवृत्तीला आली, तुले माहीत आहे."

"आणि पोरांचं काय?"

"पास होणारे पोट्टे कसेही होतात वं. एका आकृतीने कोणाचं काय बिघडते?"

कोणाचं काय बिघडतं ते मला चांगलं माहीत होतं. अभनपुरहून येणाऱ्या एका पोरीचं सगळं बिघडतं. पण तिचं नाव मी काढलं असतं तर बाईंनी तेच धरलं असतं, की बघा, हिची पोरगी आहे म्हणून ही भांडते. मी नुसता त्यांच्या टेबलावर हात आपटला. पाण्याचा पेला कलंडला.

त्यानंतर हॉलमध्ये जे झालं त्याची किळस मला आजही येते. बडी मॅडम उभ्या राहिल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या की डिस्प्ले की एक सेटिंग है, सब लोग चेक कर लें. एवढंच. मला वाटलं आता गलका होईल. कुणीतरी उभं राहील, कुणीतरी "अरे देवा" म्हणेल, कुणी निदान कपाळाला हात लावेल. तसलं काही झालं नाही. सगळीकडून टिचक्यांचा आवाज आला. पडद्या-पडद्यावर आकृत्या वर आल्या. माणसांनी त्या पाहिल्या, आपण काय केलं ते प्रत्येकाला कळलं, आणि एकानेही शेजाऱ्याकडे मान वळवली नाही. थोड्या वेळाने बशा फिरल्या, चहा आला. 'हवा का चित्र' म्हणणारा माणूस आलूगुंडा चटणीत बुडवून खात होता आणि चटणी त्याच्या मिशीला लागली होती.

पाण्याच्या कूलरपाशी एक तरुण प्राध्यापिका माझ्याजवळ आली. "दीदी, आपने बहुत सही किया," ती कुजबुजली. "मैंने तो ढेर सारे ज़ीरो दे दिए. रात को नींद नहीं आएगी." मला बरं वाटलं. म्हटलं, एक तरी माणूस निघालं.

दुसऱ्या दिवशी मी परीक्षा विभागातल्या अधिकाऱ्याला फोन करून बोलावून घेतलं. ताई माझ्याशी बोलेनाशा झाल्या होत्या, सरांनी खुर्ची दुसऱ्या रांगेत नेली होती. अधिकारी आला, हॉलच्या मधे उभा राहिला आणि विचारलं, पहिल्या दोन दिवसांत कोणाला आकृत्या दिसण्यात काही अडचण आली होती का? कोणी हात वर केला नाही. मी त्या तरुण प्राध्यापिकेकडे बघत राहिले. ती पान रुंदीला बसवून, नाक पडद्याला टेकवून, मन लावून वाचत होती. इतकं नीट कोणी कॉपी वाचताना मी त्या हॉलमध्ये प्रथमच पाहिलं. मी उभी राहून सगळं सांगितलं, खूण लावून-काढून दाखवली. अधिकाऱ्याने ऐकून घेतलं आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, "मैडम, आप तो तीसरे दिन आई हैं. पहले दो दिन का आपको कैसे पता?"

मी त्याला म्हटलं, बंद कॉप्यांपैकी एक उघडून बघा. तो म्हणाला, उघडायला कारण लागतं. मी म्हटलं, कारण तर मी सांगतेय. तो म्हणाला, कारण परीक्षकाकडून यायला हवं आणि परीक्षक तर म्हणतायत की अडचण आली नाही. मी त्याला तोंडावर सांगितलं की तुम्ही सगळे मिळून पोरांच्या ताटात माती कालवताय. तो म्हणाला, मैडम, तबीयत का ध्यान रखिए. सगळे जण माझ्या तापाबद्दल फार काळजीने बोलायला लागले होते. मी काय पाहिलं ते लिहून त्याच्या हातात दिलं, सही केली आणि पोच मागितली. पोच आजतागायत आलेली नाही.

काम संपलं त्या दिवशी सगळ्यांनी इमारतीच्या पायऱ्यांवर उभं राहून फोटो काढला. मी स्कूटी काढून घरी आले. मुलाने विचारलं, "हो गया आपका?" मी त्याच्यावरच खेकसले आणि मग जेवायला वाढलं.

निकालाआधी एक सूचनापत्र मात्र आलं. पुढच्या परीक्षेपासून सर्व आकृत्या काळ्या पेनाने काढाव्यात, पेन्सिलने काढलेली आकृती न दिसल्यास जबाबदारी विद्यार्थ्याची राहील. आमच्या विभागात ते नोटीस बोर्डावर लावलं गेलं. वाचून एक सहकारी म्हणाले, चला, कुछ तो सुधार हुआ. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि वर्गावर गेले.

निकाल लागला. अभनपुरच्या मुलीचा तो पेपर गेला होता. किती थोडक्यात ते मी सांगत नाही, सांगितलं की पुन्हा डोकं फिरतं. तिने फोन केला नाही. मी केला तर भावाने उचलला आणि ती शेतावर गेली आहे म्हणाला. बी.एड.च्या प्रवेशाची मुदत त्याच महिन्यात संपत होती. तिच्या कॉपीची प्रत मागवून घे, असा निरोप मी भावाकडे ठेवला.

प्रत आल्यावर ती कॉलेजात आली. दुपारची वेळ होती, विभागात मी एकटी होते. ती नेहमीप्रमाणे दारात थांबली, मी बोलावल्यावर खुर्चीच्या टोकावर बसली. प्रत तिच्या मोबाइलवर आली होती. तिने ती उघडली आणि दोन बोटांनी पान मोठं करत करत माझ्यासमोर धरलं. आकृती होती. साध्या मोबाइलच्या पडद्यावर, कोणतीही खूण लावल्या-काढल्याशिवाय, स्वच्छ दिसत होती. शेजारी लाल शून्य आणि त्याखाली लाल अक्षरात 'आकृति नहीं बनाई'.

"मैडम, इसमें गलती क्या है वो बता दीजिए," ती म्हणाली. "मैंने घर पे बहुत देखा. मेरे को समझ नहीं आ रही."

मी मोबाइल हातात घेतला. पान आणखी मोठं केलं, जेवढं होईल तेवढं. पुंजक्यांच्या कडा बघितल्या, एधेचा, म्हणजे जाइलम आणि फ्लोएमच्या मधल्या थराचा, पट्टा बघितला. तिने तो अखंड काढला नव्हता, एके ठिकाणी किंचित तुटलेला दाखवला होता, कारण आमच्या प्रॅक्टिकलच्या स्लाइडवर तो तसाच आहे. वर्गात बसून एवढं कोणी बघत नाही.

"काही चूक नाही," मी मराठीतच बोलून गेले आणि मग म्हटलं, "कोई गलती नहीं है."

तिने मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं. "नहीं मैडम, कुछ तो होगी. जाँचने वाले तो देख के ही नंबर देते होंगे न?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, काहीही न वगळता: सेटिंग, दोन दिवस, बंद झालेल्या कॉप्या. मला वाटलं ती रडेल किंवा निदान चिडेल, म्हणजे मलाही तिच्याबरोबर चिडता येईल. ती ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावर जे यायला लागलं ते मी लगेच ओळखलं, कारण ते घेऊन मी स्वतः किती दिवस हिंडत होते. तिला आमची शिसारी आली होती. ती माझ्याकडे वर मान करून बघत होती.

"आप भी वहीं थीं, मैडम?"

"हाँ."

"तो आप बोली नहीं?"

"बोली थी," मी म्हटलं. "सबके सामने बोली थी. लिख के भी दिया."

"फिर?"

मी परीक्षा विभागाचं, परवानगीचं, पोचेचं सांगायला तोंड उघडलं. ती सगळी वाक्यं माझ्याकडे तयार होती, गेले कित्येक दिवस मी ती सगळ्यांना ऐकवत होते. पण तिला एवढंच म्हणाले की ही प्रत घेऊन आपण दोघी उद्या परीक्षा विभागात जाऊ, मी बरोबर येते. ती म्हणाली, "बी.एड. का एडमिशन तो कल शाम को बंद हो गया, मैडम." तिने माझ्या हातातून मोबाइल घेतला, पान परत लहान केलं आणि ओढणी सावरून बस पकडायला निघाली.